मागची उभी

योगेश्वरीचा तो टाक म्हणजे रामघाटावरच्या घराचा जीव. जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढाच, पण सोन्याचा, आणि दिसतो त्याहून हाताला जड. देवघरातले बाकीचे टाक चांदीच्या पत्र्याचे, एका अंगाला ठसा उठलेले नि दुसऱ्या अंगाला खोलगट. हा एकटा भरीव होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना देवी होती. पुढे नुसता चेहरा, तोही आपल्याकडे न बघता उजवीकडे वळलेला. मागे डोक्यापासून पायापर्यंत उभी बाई. घरात म्हणायचे, पुढचा मुखवटा आणि मागची उभी. पाच पिढ्यांपूर्वी कुणी एक सून पैठणाहून काशीला आली ती हा टाक पदराच्या गाठीला बांधून आली, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडे विचारायची कुणाला गरजही वाटली नव्हती. देवीला कुणी पत्ता विचारतं का?

नीरजा त्या घरात सून म्हणून आली त्याला चार वर्षं झाली होती. तिच्या अर्धवट राहिलेल्या प्रबंधाचा विषयच मुळी जुनी नाणी. तरी हा टाक तिनं कधी हातात घेतला नव्हता. पूजा सासऱ्यांची. अप्पांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून, म्हणजे सहा-सात वर्षं, टाक उचलून ताम्हनात ठेवणंही बंद झालं होतं. फुलानं पाणी शिंपडायचं, पंचामृताचा थेंब टेकवायचा, वरून कुंकू. दुधा-मधा-तुपात कुंकू कालवलं जाऊन टाकावर दोन्हीकडून खपली धरली होती. लांबून बघणाऱ्याला ती एक लाल गोळीच वाटायची. नीरजा रोज संध्याकाळी त्या गोळीला नमस्कार करायची आणि अवनीचं वरण गॅसवर आहे म्हणून पळायची.

अवनी नऊ महिन्यांची. दोन दात वर, दोन खाली, आणि जगात जे जे आहे ते आधी तोंडात.

गणपती बसले होते. नीरजाच्या सासूबाईंनी, कालिंदीबाईंनी, मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. "नाक राहिलं नाही तिला," त्या म्हणाल्या. "झिजलेल्या देवाची पूजा करू नये. घटस्थापनेला नवा टाक बसवायचा. त्याच सोन्याचा, देवीचं सोनं देवीतच राहायला पाहिजे." टाक उंबरा ओलांडत नाही, हा घरातला नियम. म्हणून ठठेरी बाजारातला वेणीमाधव सराफ आपली शेगडी आणि मूस घेऊन घरीच येणार होता, शुक्रवारी. रविवारी पितृपक्ष लागला की सोन्याला हात लावायचा नाही, तेव्हा त्याच्या आत टाक वितळायला हवा होता.

बुधवारी सकाळी कालिंदीबाईंनी टाक काढून वाटीत ठेवला आणि लाल कापडाचा तुकडा शोधायला वळल्या. तेवढ्यात अवनी रांगत पाटापाशी पोचली.

"अगं बाई! देवीच गिळली हिनं! नीरजा, धाव, जल्दी!"

नीरजा पोळीचं उलथणं हातात घेऊनच धावली. अवनीच्या गालात बोट घालून तिनं टाक बाहेर ओढला. पोर लाल ओठांनी खदखदून हसली.

"त्या कुंकवात रंग असतो हो आई, पोटात गेला असला तर—"

"रंगाचं काय घेऊन बसलीस! माझी योगेश्वरी गेली असती ना पोटात. मग काय, तुझ्या लेकीलाच देवघरात बसवायची होती?"

दोघी हसायला लागल्या, भीती उतरल्यावर हसतात तशा. आणि हसता हसता नीरजानं तळहातावर बघितलं. कडेला, बाळाच्या लाळेनं कुंकू विरघळलं होतं तिथं, सोन्यात बारीक खाचा होत्या. खाचांत उरलेलं कुंकू लाल रेघांसारखं दिसत होतं. एस, टी, आय, एन, ए.

तिनं हात फिरवून पुन्हा वाचलं. उलथणं खाली ठेवलं.

"आई, हा मला शुक्रवारपर्यंत बघायला द्याल?"

"बघ की. धुतल्या हातांनी बघ. आणि उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, सांगून ठेवते."

गुरुवारी दुपारी अवनी झोपली. अवनीची दुपारची झोप पंचेचाळीस मिनिटांची, त्यातली दहा नीरजाच्या मांडीवर जायची. उरली पस्तीस. घर गल्लीत, ऊन म्हणून यायचं ते जिन्याच्या खिडकीतून एक चिंधीभर, तेही अडीच वाजता. नीरजा तिथं पायरीवर बसली. मोबाइलचा दिवा टाकाच्या कडेनं आडवा धरला की सावल्या पडतात आणि झिजलेलं उठून दिसतं, हे तिला पाच वर्षांपूर्वी रोजचं होतं. आता हातांना ते नीट आठवत नव्हतं.

तिनं फोन लावला.

"मॅडम, नीरजा बोलतेय. रामघाटची."

"जिवंत आहेस?" विद्युल्लताबाई म्हणाल्या. त्या तिच्या मार्गदर्शक. सध्या नागपूरला भावाकडे होत्या, दसऱ्यापर्यंत. "मुलगी काय म्हणते?"

"झोपलीय. म्हणूनच बोलतेय. मॅडम, माझ्या हातात बहुतेक रोमन नाणं आहे. सोन्याचं. आमच्या देवघरातलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कड बघ. शिवण दिसते कुठं? ओतलेल्या खोट्या नाण्याला दिसते."

"नाही. सलग आहे."

"वजन?"

"स्वयंपाकघरातल्या काट्यावर सात ग्रॅम."

"तो काटा बटाट्यांसाठी असतो, बाळा. असू दे. अक्षरं?"

"पाचच तेवढी लागतात. एस, टी, आय, एन, ए."

"फाउस्टिना," मॅडम म्हणाल्या.

"हो," नीरजा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. एवढं साधं होतं. कुणीतरी तिला तिच्या कामाचं काहीतरी विचारत होतं आणि तिला उत्तर येत होतं.

"आता सांग, आई का मुलगी?"

नीरजाला ते पाठ होतं. एकाच नावाच्या दोन राण्या. थोरली फाउस्टिना रोमच्या बादशहाची बायको. ती वारली, तेव्हा नवऱ्यानं तिला देवी म्हणून जाहीर केलं आणि पुढं वीस वर्षं तिच्या चेहऱ्याची नाणी पाडत राहिला. धाकटी ही तिची मुलगी, पुढच्या बादशहाची बायको. तिची नाणी बहुतेक ती हयात असताना निघालेली. दोघींत फरक ओळखायचा तो केसांवरून. थोरलीचा अंबाडा डोक्यावर, टाळूपाशी. धाकटीचा मानेवर.

"डोक्यावर दिसतोय," ती म्हणाली. "उंच."

"दिसतोय का आहे?"

"कुंकवाची खपली आहे थोडी. पण आकार तसाच वाटतो."

"घासू नकोस हं."

"नाही मॅडम. तेवढं लक्षात आहे." पहिल्या वर्षी शिकवलेली ती पहिली गोष्ट. नाण्यावरची घाण हादेखील पुरावा. तो आपल्या हातानं पुसायचा नाही.

"मागे काय?"

"उभी बाई. एका हातात काठीसारखं उंच काहीतरी. दुसऱ्या हातात गोळा आहे, खपलीत बुडालेला. गव्हाच्या लोंब्या असाव्यात. थोरलीच्या नाण्यांवर धान्यदेवता असतेच ना."

"असाव्यात म्हणून नाणी ओळखत नाहीत, नीरजा. मी दसऱ्यानंतर येते. हातात घेतल्याशिवाय मी आईही म्हणणार नाही आणि मुलगीही म्हणणार नाही. तोवर तूही कुणाला काही बोलू नकोस."

खोलीतून अवनीचा पहिला बारीक सूर आला. "मॅडम, ती उठली," असं म्हणून नीरजानं फोन ठेवला.

शुक्रवारी सराफ दहा वाजता येणार होता, तो सव्वानऊलाच आला. नीरजा अवनीला न्हाऊ घालत होती. तिला वाटलं होतं, नाश्त्याच्या वेळी सगळ्यांना बसवून सांगू, महिनाभर थांबा म्हणू. ओल्या अवनीला टॉवेलात गुंडाळून ती माजघरात आली तेव्हा शेगडी फुललेली होती. अप्पा पाटावर बसून पुटपुटत होते, आणि वेणीमाधवानं टाक चिमट्यात धरला होता.

"थांबा! ते नाणं आहे! देवी नाहीये ती!"

चिमटा हवेत थांबला. "भाभीजी, सोना तो सोना है," वेणीमाधव म्हणाला, पण त्यानं मुशीकडे हात नेला नाही.

"नाणं?" कालिंदीबाईंनी तिच्याकडे बघितलं. "काय बोलतेस?"

आता मॅडमचं ऐकत बसायला वेळ नव्हता. बहुतेक, असावं, वाटतं, हे शब्द त्या शेगडीपुढं टिकले नसते. म्हणून नीरजानं ते काढून टाकले. "ही राणी आहे, आई. रोमच्या बादशहाची. फाउस्टिना तिचं नाव. ती गेल्यावर बादशहानं तिला देवी केलं आणि ही नाणी पाडली. दोन हजार वर्षं होत आली. हे वितळवलं तर परत मिळायचं नाही."

माजघरात फक्त कोळसा तडतडत होता.

"गेल्यावर," कालिंदीबाई म्हणाल्या. "म्हणजे मेलेल्या बाईचा टाक? आणि मी जन्मभर हिच्यापुढं पुरणाचा नैवेद्य ठेवला?"

"असतात की आपल्यात," अप्पा हळू म्हणाले. "वीराचे असतात. पूर्वजांचे असतात."

"आपल्या पूर्वजांचे हो. परक्याच्या बाईचा कोण ठेवतं?" मग अगदी वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "सवाष्ण गेली?"

"हो. नवरा मागं वीस वर्षं होता."

"मुलंबाळं?"

"चार. तीन आधीच गेली होती. एक मुलगी राहिली."

कालिंदीबाईंनी पुढं होऊन टाक चिमट्यातून स्वतःच्या पदरात घेतला. "भइया, आग बुझा दो," त्या वेणीमाधवाला म्हणाल्या. "हिला एकदा अग्नी मिळालाय. पुन्हा नाही द्यायचा."

नीरजानं ओल्या अवनीला इतकं घट्ट धरलं की पोर किंचाळली. वाचलं, तिला वाटलं. तो सगळा दिवस तिला तसंच वाटत होतं. तिनं पोळ्या करताना गुणगुणून घेतलं, धुणं वाळत घालताना मनातल्या मनात लेखाचं पहिलं वाक्यही जुळवलं.

संध्याकाळी त्या दोघी शेंगा निवडत बसल्या होत्या. कालिंदीबाई म्हणाल्या, "नवमीला सोडू तिला."

"कुणाला?"

"तुझ्या राणीला. अविधवा नवमीला. गंगेत."

पितृपक्षातली नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी त्यांच्या नावानं सवाष्णीला जेवायला घालायचं, ओटी भरायची. नीरजाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पण आई, आपण ठेवू शकतो. देवघरात नको तर कपाटात. मॅडम दसऱ्यानंतर येतायत, त्या बघतील. त्याची नोंद होईल. लोकांना कळेल."

"लोकांना कळून तिचं काय होणार?" त्यांनी ओरडून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "किती वर्षं म्हणालीस तो तिचा चेहरा पाडत होता?"

"वीस."

"म्हणजे जाऊच दिली नाही त्यानं तिला. आणि मग आम्ही धरून ठेवली. काशीत आली ग बिचारी, दीडशे वर्षं गंगेपासून पन्नास पायऱ्यांवर राहिली, आणि तिला कुणी गंगा दाखवली नाही. लोक कुठून कुठून येतात मरायला इथं."

कालिंदीबाईंनी शेंगांच्या शिरा गोळा केल्या, पुन्हा पसरल्या.

"मुक्ताचं कोण करतं कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या.

मुक्ता म्हणजे नीरजाच्या नवऱ्याची, सुश्रुतची, मोठी बहीण. इंदूरला दिलेली. अकरा वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तिचं नाव घरात फारसं निघत नसे.

"जावयानं वर्षाच्या आत लग्न केलं. चांगला आहे हो, त्याला बोल नाही लावत मी. पण नवी काय म्हणून हिचं पान वाढेल? आणि मला इकडे वाढता येत नाही. लेक दिली, गोत्र गेलं. दर नवमीला हात बांधून बसते मी." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "हिचं कुणीच नाही ना? मग हिचं तरी करू दे मला."

त्या रात्री जेवताना नीरजानं नवऱ्याकडे बघितलं. सुश्रुत बँकेतून थकून आला होता.

"तू बोल ना आईशी," ती नंतर, भांडी पुसताना, म्हणाली.

"तू बोल. मी पाठीशी आहे."

"पाठीशीच असतोस तू. पुढं कधी येतोस?"

"अगं, बोलू काय? ती संध्याकाळपासून देवघरात त्या राणीशी गप्पा मारतेय. अकरा वर्षांनी माझी आई मुक्ताचं नाव घेतेय, नीरजा. आणि नोंद करायची म्हटली तर कागद कुठला दाखवायचा? पदराची गाठ?"

मॅडमना फोन केला. झालेलं सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं बोलू नकोस म्हणून."

"न बोलते तर वितळलं असतं."

"तेही खरंच."

"मग मी काय करू, मॅडम?"

"मला नाही माहीत, बाळा," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "फोटो काढून ठेव."

फोटो तिनं काढले. चाळीस काढले. सगळ्यांत लाल गोळीच आली.

अष्टमीच्या दुपारी, पस्तीस मिनिटांतली पंधरा उरली असताना, नीरजानं देवघरातून टाक उचलला आणि अवनीच्या नाचणीसत्त्वाच्या डब्यात खाली दडवला. त्याच्या जागी कुंकवात बुडवलेली सुपारी ठेवली. सुपारी हुबेहूब दिसत होती. ती डब्याचं झाकण लावून ओट्याला टेकून उभी राहिली. शेजारच्या खोलीत कालिंदीबाई दुसऱ्या दिवसासाठी हिरवा खण घडी करत होत्या आणि कुणाशीतरी बोलत होत्या. "हा मी मुक्तासाठी घेतला होता. डोहाळजेवणाला. रंग जरा उतरलाय, चालेल ना तुला?"

नीरजानं झाकण उघडलं. पिठात बोटं घालून टाक काढला, फुंकर मारली आणि परत नेऊन ठेवला. सुपारी धुऊन पानसुपारीच्या डब्यात टाकली. मग अवनी उठेपर्यंत ती नुसती बसून राहिली.

संध्याकाळी कालिंदीबाईंनी टाक तिळाच्या तेलाच्या वाटीत बुडवून ठेवला. सवाष्णीला न्हाऊ घालूनच पाठवायचं, आणि न्हाण्याआधी अंगाला तेल हवं.

नवमीला सकाळी ते सगळे नावेत बसले. पूर ओसरत होता. रामघाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ अजून पुरता धुतला गेला नव्हता, अप्पांना दोघांनी धरून उतरवावं लागलं. नीरजानं डाव्या कडेवर अवनीला घेतलं होतं. प्रवाहाच्या मध्ये जाऊन नाववाल्यानं वल्हं आडवं धरलं, तेव्हा ऊन नुकतंच पलीकडच्या वाळूवरून वर आलं होतं, आडवं, पिवळं, पाण्याला टेकून येणारं.

"गोत्र काय सांगू?" अप्पांनी विचारलं.

"रोमला कुठलं गोत्र," सुश्रुत म्हणाला.

"ठाऊक नाही त्याचं काश्यप. नाव सांग ग सूनबाई. नीट सांग, चुकायला नको."

"फाउस्टिना," नीरजा म्हणाली.

अप्पांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि संकल्प सुरू केला. हात थरथरत होते, पण आवाज लख्ख होता. कालिंदीबाईंनी तेलातून टाक काढला, गंगेचं पाणी घेतलं आणि अंगठ्यानं त्याला चोळू लागल्या, लेकराचं तोंड पुसावं तशा. सहा-सात वर्षांची खपली तेलानं फुगली होती. ती सालीसारखी सुटली आणि पाण्यात एक लाल धागा ओढत निघून गेली.

"बघ कशी दिसते," त्या म्हणाल्या, आणि खण, तांदूळ, बांगड्या, सगळ्यावर तो टाक ठेवून त्यांनी ती ओटी नीरजाच्या उजव्या हातात दिली. "तू सोड. तुझ्यामुळे तिचं नाव कळलं."

नीरजानं बघितलं.

डोक्यावर काही नव्हतं. टाळूपाशी केस साधे, लाटा लाटांचे, मागं वळवलेले. अंबाडा मानेवर होता. नीटस, गोल, मानेवर. नाव हलली, तांदळांवर टाक कलंडला आणि मागची उभी वर आली.

लोंब्या नव्हत्याच. त्या जागी बाळ होतं. बाईचा हात कोपरात वाकलेला, कोपर कमरेला टेकलेलं, आणि त्या वाकणात बसलेलं एवढंसं मूल, हात पुढं केलेलं. आडव्या उन्हात त्याची बोटंदेखील दिसत होती. नीरजाला पुस्तक उघडायची गरज नव्हती. मुलं होत गेली तशी धाकटीची अशी नाणी निघत गेली होती. ही थोरली नव्हती. ही मेलेलीच नव्हती. नाणं पाडलं त्या दिवशी ही कुठंतरी चालत होती, बोलत होती, कदाचित अंगावर पाजत होती, आणि हे लोक तिला तिलोदक देत होते.

"आई, थांबा," ती म्हणाली.

पण अप्पांचा मंत्र मध्यावर होता आणि मंत्र मध्ये तोडत नाहीत. कालिंदीबाईंनी ऐकलं तेही वेगळंच ऐकलं. त्यांना वाटलं, सुनेचा जीव अडकतोय. त्यांनी तिच्या हाताला हात लावला. सुश्रुतनं आईच्या हाताला हात लावला, घरातल्या प्रत्येक दानाला लावत आले तसा. नीरजाच्या मनगटाखाली आता दोघांचे हात होते.

"होतं असं," कालिंदीबाई कुजबुजल्या. "मुक्ताच्या वेळी माझ्याही हातून शेवटची ओटी सुटत नव्हती. सोड, बाळा."

डावा हात मोकळा असता तर नीरजानं कदाचित मूठ मिटली असती. डाव्या हातात अवनी होती. अवनीला चमकणारं दिसलं, ती पुढं झेपावली, तिची बोटं टाकाला लागली. नीरजा पोर सावरायला मागं सरली, आणि सासूबाईंच्या प्रेमळ हातानं तिचा हात कलता केला.

आवाजसुद्धा झाला नाही. खण थोडा वेळ तरंगला. हिरवा, रंग उतरलेला. बांगड्या त्याच्या घडीत राहिल्या होत्या, त्या एकदा किणकिणल्या. टाक कधी गेला ते कुणाला दिसलंच नाही.

"सुटली," अप्पा म्हणाले.

नाव वळली. कालिंदीबाईंनी पदर सारखा केला, पाण्याचा हात स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि मोठा श्वास सोडला. नीरजानं त्यांना चार वर्षांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं, खांदे सोडून, पाय लांब करून, घाटाकडे नुसतं बघत.

"मघाशी काय म्हणत होतीस ग? थांबा म्हणालीस."

नीरजानं तोंड उघडलं. आई, चुकलं माझं. ती गेलेली नव्हती. ती माझ्याएवढी होती. तिच्या कडेवर मूल होतं. हे सगळं तिच्या जिभेवर होतं, आणि समोर सासूबाईंचा तो चेहरा होता.

"काही नाही," ती म्हणाली. "अवनी वाकत होती."

"मला वाटलंच. चटोर आहे, सोनं दिसलं की निघाली. बघ, हाताला कुंकू लागलंय तिच्या. तोंडात घालेल, पूस." मग लाजल्यासारखं करत त्या म्हणाल्या, "दर नवमीला पान वाढायचं हं तिचं. मी असेपर्यंत मी, मग तू. फक्त नाव तू सांगत जा. माझ्या जिभेला वळत नाही."

"सांगीन," नीरजा म्हणाली.

अवनीची मूठ तिनं उघडली. तळव्याला तेलकट लाल डाग होता, तो पदरानं पुसला तरी पुरता गेला नाही. पोरीनं तोच हात पुन्हा पाण्याच्या दिशेनं पुढं केला. नीरजानं तिला डाव्या कडेवर जरा वर उचलून घेतलं, कोपर कमरेला टेकवलं, आणि रामघाट येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.